तीस रकाने, सोळा ओळी

उद्यमनगरात, यासीन मुल्लाणीच्या वाइंडिंगच्या दुकानात
शटर अर्धं ओढून आम्ही ठरवतोय,
चष्म्यात काय दिसायला हवं.

समोर दोन बोर्ड.
एक साडेचारशेचा, बोटाच्या पेराएवढा,
पांढरी ठसठशीत अक्षरं, काळ्या कडांची,
एसटीच्या पाटीसारखी.
दुसरा तिप्पट महाग. त्याची अक्षरं बारीक, रेखीव.
यासीन म्हणतो, "रेखीव अक्षर लग्नपत्रिकेवर बरं.
वरनं खाली येताना वाचायचं असतंय,
ते दणक्यात दिसलं पाहिजे."
आणि सोल्डर लावतो. निर्णय झाला म्हणायचा.

लॅपटॉपवर काळी चौकट.
तीस रकाने, सोळा ओळी, एवढीच जागा.
शेजारी यादी. टिक केली की आकडा उगवतो.

गेल्या भाद्रपदात मी सगळ्यालाच टिक केली होती:
व्होल्ट, मिनिटं, उंची, वेग, सिग्नल,
चारही मोटारींचा ताप,
स्वतःचं नावसुद्धा, विसरेन म्हणून की काय.
पंचगंगा दोन ओळींच्या फटीतून वाहत होती.
मधोमध यंत्रानं आखलेलं क्षितिज,
आणि खरं क्षितिज त्याच्या मागं, झाकलेलं.
बॅटरी संपत आल्याचं लुकलुकत होतं म्हणे.
लुकलुकणारं आणखी तीन ठिकाणी होतं.
मग चित्रात मुंग्या.
मग काळं.

एकाच ओळीला टिक नव्हती. अक्षांश-रेखांश.
म्हटलं होतं, मी काय जहाज चालवतोय?

ऊस बांधावरनं हिरवा दिसतो.
आत गेलं की तो दिसत नाही, नुसता लागतो,
कानाला, मानेला, मनगटाला.
चार हातांवरनं यासीन हाक मारत होता
आणि हाक पाल्यात अडकत होती.
बॅटरी निसटलेली, त्यामुळं बझरही मुका.
तीन संध्याकाळी शोधलं.
चौथ्या दिवशी सातगोंडा मगदूम म्हणाले,
"तोड लागली की घावतंय. ऊस काय पळून चाललाय?
पर तुम्ही आणि चार सऱ्या मोडल्यासा
तर मी पळवीन."

जानेवारीत त्यांचा फोन आला.
आम्ही दर वेळी जिथून माघारी फिरलो होतो
तिथून अकरा पावलांवर.
कॅमेऱ्याच्या काचेवर चिखल, एका हातावर मुंगळे,
तीन पंखे.
चौथा टोळीतल्या कुणा पोरानं
उसाच्या वाढ्याला काट्यानं टोचला होता, भिरभिरं म्हणून.
वाऱ्यावर छान फिरत होता.
तो काही मी मागितला नाही.

तर आज खोडतोय.
वेग गेला. वेग पोटात कळतो.
उंची गेली. नाव गेलं.
आखलेलं क्षितिज काढलं तेव्हा
चौकटीत एकदम उजाडल्यासारखं झालं.
व्होल्ट राहिले, डाव्या कोपऱ्यात.
मिनिटं राहिली.
आणि सगळ्यात खालच्या ओळीत, न बोलता बसवले
अक्षांश, रेखांश. पुढच्या उसासाठी.

"बाण ठेव," यासीन म्हणतो, "घराकडं दाखवणारा."
घर म्हणजे जिथं बॅटरी जोडली ती जागा:
वडणग्याचा बांध, पाण्याची बाटली,
त्याची टेकून ठेवलेली स्प्लेंडर,
आणि चष्मा घालून खुर्चीत बसलेला मी,
वरनं पाहिलं तर ओळखू न येणारा.
ठेवला बाण.

बाणाशेजारी बोर्डानं इंग्रजी अक्षर दिलंय.
ते यासीनला खपत नाही.
एका अक्षराला बारा ठिपके रुंद, अठरा उंच.
तेवढ्यात तो माऊसनं 'घ' काढतोय,
उंबऱ्यावर रांगोळी काढावी तसा, जीभ दातात धरून.
चहा निवला. शेजारची लेथ बंद झाली.
शिरोरेघ काही बसत नाही.
"रेघ सोडून दे की," मी म्हणतो.
"आणि मग?" तो मान वर करत नाही,
"रेघ नसली तर 'ध' वाचशील.
'ध' म्हणजे धडाम.
थांब जरा."